राहण्याचा पुरावा

टेबल क्रमांक चारवर माझं नाव नाही,
पुठ्ठ्यावर नुसतं 'शिष्यवृत्ती'.
शेवटची वेलांटी राहून गेली होती,
ती दोंदे शिपायाने नंतर घातली, निळ्या स्केचपेनने.
एकोणतीस वर्षं त्या वेलांटीखाली बसतेय.

मुदत संपायला पाच दिवस, तेव्हा ती आली.
सुगंधा मोतीराम थविल, बी.एस्सी. पहिलं वर्ष.
पिशवीत पिशवी, तिच्यात आणखी एक पिशवी,
मग कागद.

डोमिसाईल?
– भाऊसाहेब विचारतात, राहता कुठं.
मग सांग की.
– कुठल्या महिन्यात?

पावसाळाभर उंबरठाण.
दसऱ्याच्या आगेमागे छाटणीला मोहाडी,
मग विरळणीला जानोरी, बागेच्या कडेला
मोटारीच्या खोलीला लागून पत्र्याची खोली.
होळीला मात्र घरी.
मुकादमाने हजेरी कापली तरी होळीला घरी.
तीन शाळा, तीन दाखले:
थविल, थवील, थाविल.

फॉर्ममध्ये पत्त्याला एकच चौकट असते.
महिना लिहायला जागा नाही.
सरकार फी भरतं ती राज्याच्या रहिवाशाची,
आणि ही पोर जन्मापासून
जिल्ह्याच्या बाहेर गेलेली नाही,
फक्त जिल्ह्याच्या आत थांबलेली नाही.

मी म्हटलं, त्रुटी निघणार.
दिवसाला चाळीसदा म्हणते मी हा शब्द,
'चहा घेणार का' म्हणावं तसा.
ती म्हणाली, बरं,
आणि सीबीएसवरून सुरगाण्याची गाडी पकडायला गेली.

त्या रात्री सिडकोत, जेवणं झाल्यावर,
फ्रिजवरचं वीजबिल हातात घेतलं.
सासऱ्यांच्या नावाने येतं अजून.
त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली.
कागदावर बघाल तर तेच राहतात इथे,
पंखे लावतात, गिझर लावतात,
मी कुठेच नाही.

शेवटच्या दिवशी चार वाजता ती परतली.
ग्रामसेवकाचा शिक्का ओला होता की घाम, कळेना.
डोमिसाईल होतं. थविल होतं, तिन्हीकडे एकच.
कसं केलंस, विचारलं नाही.
काही प्रश्नांची उत्तरं फाईलला लावता येत नाहीत.

मग ओटीपी.
तो गेला बापाच्या फोनवर,
बाप जानोरीत, वेलीखाली, हात वर.
त्याला वाचता येत नाही.
पण आकडे येतात, क्रेट मोजून मोजून आलेले.
स्पीकरवर त्याचा आवाज, मागे कुठेतरी ट्रॅक्टर:
सात. दोन. दोन. रिकामं.
रिकामं म्हणजे?
– मॅडम, शून्य, ती म्हणाली. क्रेट रिकामं तसं.
पाच. रिकामं.
दोंदे दारात उभा राहून बोटं मोजत होता,
का, त्यालाही माहीत नसावं.

चार छप्पन्नला चक्र फिरायचं थांबलं.
अर्ज दाखल. सद्यस्थिती: प्रलंबित.
फीच्या रकान्यात, विद्यार्थ्याने भरायची रक्कम,
मी बोट ठेवलं.
तिने वाचलं: रिकामं.
आणि हसली, पहिल्यांदाच. पुढचा दात जरा तिरका आहे.

जाताना विचारलं तिने,
पुढल्या वर्षी पुन्हा दाखवायचं का हे सगळं?
नूतनीकरण, मी म्हटलं. दर वर्षी.
म्हणजे दर वर्षी सांगायचं, राहते म्हणून.
हो.
तिने कागद पिशवीत घातले,
ती पिशवी पिशवीत.
निर्वाह भत्ता कधी येईल ते मी सांगितलं नाही.
मागच्या वर्षीचा अजून काहींचा यायचाय.

सोमवारी अर्धी रजा टाकून महावितरणमध्ये गेले,
बिलावर माझं नाव लावायला.
खिडकीतला मुलगा, माझ्या मुलाएवढा,
मान वर न करता म्हणाला,
राहण्याचा पुरावा?
मी पिशवी उघडली.
आत पिशवी.